तीन नंबरच्या पिनचा संयम

मीरा-भाईंदरमधल्या कुठल्याही सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये डोकावलं, तर डीव्हीआरच्या आसपास खिळ्याला अडकवलेला एक जाळीदार पत्र्याचा डबा दिसतो. त्यावर १२ व्होल्ट, ५ अँपिअर असं छापलेलं असतं. गेटवरचे, जिन्यातले, गच्चीवरचे कॅमेरे त्याच्या जिवावर चालतात. या डब्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, म्हणजे स्विचिंग सप्लाय. २३० व्होल्टची एसी आत घ्यायची, तिची सुमारे ३२५ व्होल्टची डीसी करायची, ती डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे न्यायची आणि तिथे १२ व्होल्ट स्थिर धरून ठेवायचे, हे त्याचं नेमून दिलेलं काम. बाहेर कुठे वायरला वायर चिकटली तर स्वतः जळून न जाणं, हे त्याचं दुसरं काम. त्या कामाचा डब्यावर कुठे उल्लेख नसतो, पण त्याची खरी कारागिरी तिथेच दिसते.

अशा अनेक डब्यांत आठ पायांची एक आयसी असते, यूसी ३८४२. दुरुस्तीच्या टेबलावर तिला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. ‘अडतीस बेचाळीस’ म्हटलं की पुरतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती चिल्लर भावात मिळते, आणि तिची नक्कल किंवा सुधारित आवृत्ती न बनवलेली मोठी चिप कंपनी शोधावी लागेल. तिच्या आठ पिनांपैकी तिसरी पिन प्रवाह मोजते. या एका पिनेतून आत शिरून पुढे काय काय घडतं ते सावकाश बघायचं, एवढाच या लेखाचा बेत आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या आयसीत संरक्षण नावाची वेगळी व्यवस्था नाही. रोजचं काम ज्या वाटेने होतं त्याच वाटेवर संरक्षण बसवलेलं आहे, आणि तिचं सगळं सौंदर्य या एका निर्णयातून आलेलं आहे.

या निर्णयामागे थोडा इतिहास आहे. स्विचिंग सप्लायचं नियंत्रण एका आयसीत बसवण्याची सुरुवात १९७६ साली अमेरिकेतल्या सिलिकॉन जनरल कंपनीच्या एसजी १५२४ ने झाली. तिचा कर्ता बॉब ममानो. ती आयसी आउटपुटचा व्होल्टेज बघायची आणि त्यावरून प्रत्येक ठोका, म्हणजे स्विच एका वेळी चालू राहण्याचा काळ, किती लांब ठेवायचा ते ठरवायची. प्रवाहावर लक्ष ठेवायला तिच्यात एक वेगळा अ‍ॅम्प्लिफायर होता, म्हणजे काम एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे. १९७८ साली बेल लॅब्जच्या सेसिल डाइश यांनी एका निबंधात निराळी कल्पना मांडली. ठोक्याची लांबी आधी ठरवायचीच नाही. स्विच चालू करायचा, प्रवाह चढू द्यायचा, आणि तो हव्या त्या उंचीला पोचला की स्विच बंद करायचा. प्रवाहाची उंची हेच नियंत्रणाचं माप. ममानो पुढे युनिट्रोडमध्ये गेले आणि १९८० च्या दशकात त्या कंपनीने ही कल्पना आठ पायांत बसवली. १९९९ मध्ये युनिट्रोड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. नाव बदललं, मालक बदलला, आयसी मात्र आजही विकली जाते.

आता प्रसंग नीट समजून घेऊ, कारण कुठल्या संकटाला तोंड द्यायचं आहे हे कळल्याशिवाय या रचनेची किंमत कळत नाही. डब्यात मॉस्फेट हा स्विच असतो. त्याच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी वाइंडिंग. समजा त्याचं इंडक्टन्स ६०० मायक्रोहेन्री आहे. ३२५ व्होल्ट लावल्यावर त्यातला प्रवाह दर मायक्रोसेकंदाला सुमारे अर्धा अँपिअर चढतो. दोन अँपिअरला पोचायला ३.७ मायक्रोसेकंद पुरतात. तिथे स्विच बंद झाला नाही, तर प्रवाह चढतच राहतो. थोडं पुढे गेल्यावर ट्रान्सफॉर्मरचा फेराइट गाभा चुंबकत्वाने भरून जातो, इंडक्टन्स कोसळतं, आणि प्रवाह चढत नाही तर उसळतो. तिथून मॉस्फेट फुटेपर्यंतचा अवधी मायक्रोसेकंदांत मोजायचा.

वाचकाला वाटेल, फ्यूज आहे की! काचेचा फ्यूज डब्यात असतोच. पण त्याची तार वितळायला मिलिसेकंद लागतात, म्हणजे मॉस्फेटच्या मरणाच्या कित्येक पट वेळ. शिवाय एक गोष्ट सहज निसटते. फ्यूजच्या पुढे, मॉस्फेटच्या अगदी जवळ एक मोठा कपॅसिटर बसलेला असतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरला की त्यात पाच ज्यूलच्या वर ऊर्जा साठते. मॉस्फेट उडवायला तेवढी भरपूर झाली. बाहेरून एक थेंब वीज आली नाही तरी चालेल. फ्यूज कपॅसिटरच्या अलीकडे असल्यामुळे त्याला या देवघेवीची खबरही लागत नाही.

भाईंदरच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सिरीज बोर्ड असतो, म्हणजे वाटेत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. नवा मॉस्फेट घातलेला सप्लाय थेट मेन्सला कुणी जोडत नाही, आधी सिरीजमध्ये लावतात. पुढे पूर्ण शॉर्ट असला तरी बल्ब पेटतो आणि ०.४३ अँपिअरच्या वर प्रवाह टिकू देत नाही. फार उपयोगी आणि स्वस्त युक्ती आहे ती, पण बल्बही कपॅसिटरच्या अलीकडेच. फ्यूज आग लागू देत नाही, बल्ब दुरुस्तीवाल्याचं नुकसान टाळतो. चालू ठोक्याच्या आत मॉस्फेटला वाचवू शकेल अशी जागा एकच उरते: मॉस्फेटच्या पायाशी.

तिथे, मॉस्फेटचा सोर्स आणि ग्राउंड यांच्या मध्ये, एक जाडसर रेझिस्टर बसवलेला असतो. आपल्या उदाहरणात तो अर्ध्या ओहमचा. जेवढा प्रवाह, त्याच्या निम्म्याइतका व्होल्टेज त्यावर उभा राहतो. एक अँपिअरला अर्धा व्होल्ट, दोन अँपिअरला एक व्होल्ट. हा व्होल्टेज तीन नंबरच्या पिनला जातो आणि आतल्या कम्परेटरच्या, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या भागाच्या, एका टोकाला उभा राहतो. तिथे मर्यादा ठरलेली आहे: एक व्होल्ट. त्याच्या वर काही झालं तरी नाही. म्हणजे या अर्ध्या ओहमच्या रेझिस्टरने सांगून टाकलं की या सप्लायमध्ये कुठल्याही ठोक्यात दोन अँपिअरच्या वर जायचं नाही. आयसी बनवणाऱ्याने एक व्होल्ट कायम ठेवला आणि किती अँपिअर हे ठरवायचा हक्क डबा बनवणाऱ्याच्या हाती, एका रेझिस्टरच्या रूपाने दिला. मला ही वाटणी फार आवडते. जे सगळीकडे सारखं असायला हवं ते आत कोरलं, आणि जे प्रत्येक ठिकाणी वेगळं असणार ते बाहेर ठेवलं.

दोन अँपिअरचा अर्थ काय होतो, तो हिशोबही करू. ६०० मायक्रोहेन्रीत दोन अँपिअर म्हणजे १.२ मिलिज्यूल ऊर्जा. एका ठोक्याला एवढी ऊर्जा प्रायमरीत साठते आणि पुढच्या क्षणी सेकंडरीकडे जाते. सेकंदाला साठ हजार ठोके धरले तर ७२ वॉट. १२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे ६० वॉट. आतली नासधूस वजा जाता हिशोब जेमतेम जुळतो. डब्यावर छापलेला पाचाचा आकडा मुळात त्या अर्ध्या ओहमने लिहिलेला आहे.

कम्परेटरच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे या रचनेतलं सर्वांत देखणं स्थळ. तिथे मागणी उभी आहे. आउटपुटचा व्होल्टेज थोडा खाली आला, की सेकंडरीकडची टीएल ४३१ आणि पीसी ८१७ ऑप्टोकपलर ही जोडी तशी खबर इकडे पाठवते आणि एक नंबरच्या पिनेवरचा व्होल्टेज वर सरकतो. आयसी त्यातून दोन डायोडचे मिळून १.४ व्होल्ट वजा करते, उरलेल्याला तीनने भागते, आणि जे येईल त्याची तीन नंबरच्या पिनेशी गाठ घालून देते. मागणी कमी असेल तर हा आकडा ०.२ व्होल्ट असेल, म्हणजे प्रवाह ०.४ अँपिअरला पोचताच ठोका संपला. मागणी वाढली तर ०.६, ०.८. आणि या आकड्यावर एक झेनर बसवलेला आहे, जो त्याला एक व्होल्टच्या वर जाऊच देत नाही.

म्हणजे बघा. साधं नियमन चालू असताना जो कम्परेटर प्रत्येक ठोका संपवतो, तोच कम्परेटर संकटातही ठोका संपवतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग एकच आहेत. बाहेर शॉर्ट झाला की मागणी ओरडून वर जाते, झेनर तिला एक व्होल्टला थोपवतो, आणि कम्परेटर नेहमीसारखं आपलं काम करतो. संकटासाठी राखून ठेवलेला, वर्षानुवर्षं न वापरलेला आणि ऐनवेळी चालेल की नाही याची खात्री नसलेला असा एकही भाग या वाटेत नाही. जो भाग सेकंदाला साठ हजार वेळा वापरात आहे, तोच राखण करतो. तो बिघडला तर सप्लाय आधीच चालणार नाही. संरक्षणाची अशी अखंड तालीम मला दुसऱ्या कुठल्या स्वस्त आयसीत इतक्या सरळपणे मांडलेली दिसलेली नाही.

कम्परेटरच्या पुढे एक लॅच आहे. प्रवाहाने रेषा ओलांडली की लॅच पडतो आणि मॉस्फेट बंद होतो. बंद होताच त्यातला प्रवाह शून्यावर येतो, तीन नंबरची पिन शांत होते, कम्परेटरचं म्हणणं मागे घेतलं जातं. लॅच नसता तर मॉस्फेट लगेच पुन्हा चालू झाला असता, पुन्हा रेषा ओलांडली गेली असती, आणि एका ठोक्याच्या जागी थरथर सुरू झाली असती. त्या थरथरीत मॉस्फेट भाजून निघाला असता. लॅच तसं होऊ देत नाही. त्याचा नियम तालाच्या आवर्तनासारखा आहे: या आवर्तनात एकदा थांबलात की पुन्हा उठायचं ते समेवरच. चार नंबरच्या पिनेवरचा ऑसिलेटर सम दाखवतो आणि तेव्हाच लॅच पुन्हा उघडतो. एका आवर्तनापुरतं लक्षात ठेवायचं आणि पुढच्या समेला विसरून नवी संधी द्यायची, एवढीच त्याची स्मरणशक्ती. शिक्षा सोळा-सतरा मायक्रोसेकंदांची. बाहेरचा दोष क्षणिक असेल, म्हणजे कॅमेरा जोडताना उडालेली ठिणगी किंवा रिकामा कपॅसिटर भरतानाचा झटका, तर सप्लाय बंद न पडता तो प्रसंग ओलांडून जातो.

इथवर स्तुती झाली. रसग्रहण म्हणजे नुसती वाहवा नव्हे, तेव्हा आता दोषांकडे वळू. या रचनेचे दोष तिच्या गुणांतूनच निघालेले आहेत.

पहिला दोष उतावळेपणाचा. मॉस्फेट चालू होतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधल्या आणि डायोडमधल्या कपॅसिटन्समध्ये साठलेला विद्युतभार एकदम रिकामा होतो. तीन नंबरच्या पिनेला एक बारीक, उंच काटा दिसतो. तो वाइंडिंगमधला चढता प्रवाह नसतो, पण कम्परेटरला ते कसं कळणार? तो ठोका सुरू होताच संपवून टाकतो. यावर उपाय म्हणून पिनेच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर घालायची पद्धत आहे. ही जोडी अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास सगळं गुळगुळीत करते आणि काटा विरून जातो. नंतरच्या पिढीतल्या आयसींनी हीच सोय आत घेतली: ठोका सुरू झाल्यावर थोडा वेळ पिनेकडे बघायचंच नाही.

दुसरा दोष उशिराचा. रेषा ओलांडली गेली हे कळल्यापासून आउटपुट खाली येईपर्यंत आयसीला साधारण १५० नॅनोसेकंद लागतात, मॉस्फेट बंद व्हायला आणखी तेवढेच धरा. या वेळात प्रवाह चढतच असतो. ३२५ व्होल्टला तो ०.१६ अँपिअर पुढे जातो; मेन्स ९० व्होल्टवर उतरली तर फक्त ०.०६ च्या आसपास. म्हणजे मर्यादा एकच लिहिलेली असली तरी पुरवठा जितका चढा, तितकी ती ढिली पडते. चांगला डिझायनर मेन्सच्या डीसीकडून मोठ्या किमतीचा एक रेझिस्टर तीन नंबरच्या पिनेकडे आणतो. व्होल्टेज वाढला की पिनेवर आधीच थोडा भार येतो आणि रेषा आपोआप खाली सरकते. स्वस्त डब्यात हा रेझिस्टर बहुधा नसतो.

तिसरा दोष सर्वांत खोल आहे, आणि त्यात एक विडंबना दडलेली आहे. आउटपुट पूर्ण शॉर्ट झालं असं समजा. प्रायमरीत साठलेली ऊर्जा सेकंडरीत उतरायला तिकडे व्होल्टेज लागतो. तो आता जवळपास नाही. फक्त डायोडवरचा एखादा व्होल्ट. वेढ्यांचं प्रमाण आठास एक असेल तर प्रायमरीच्या हिशोबात आठ व्होल्ट. एवढ्या क्षीण जोराने सोळा मायक्रोसेकंदांत प्रवाह ०.२२ अँपिअरने उतरतो. आता ठोका कितीही लवकर संपवायचा म्हटलं तरी काटा विरवणारी ती रेझिस्टर-कपॅसिटर जोडी आणि आयसीचा उशीर मिळून निदान अर्धा मायक्रोसेकंद तो चालू राहतोच. तेवढ्यात प्रवाह ०.२७ अँपिअर चढतो. चढला जास्त, उतरला कमी. प्रत्येक आवर्तनात थोडा प्रवाह शिल्लक राहतो आणि पुढच्या ठोक्याचा तो पाया होतो. कम्परेटर प्रत्येक वेळी आपलं काम चोख करत असतो, तरीही पायरी पायरीने प्रवाह रेषेच्या वर निघून जातो. वायरींचा आणि वेढ्यांचा रोध वेळीच आडवा आला तर बरं, नाहीतर गाभा भरतो. खोटा इशारा टाळायला घातलेला उपाय खऱ्या इशाऱ्याच्या वेळी महाग पडतो, तो असा.

चौथी गोष्ट दोषापेक्षा मर्यादेची. ही पिन प्रायमरीतल्या प्रवाहाचं शिखर बांधते. तुमच्या वायरीतून जाणारा आउटपुटचा प्रवाह तिला दिसत नाही. तिने बांधून दिली आहे ती ऊर्जा. त्यामुळे जादा भाराने आउटपुट बारावरून आठ व्होल्टवर घसरलं, तर प्रवाह पाचावर अडून बसत नाही, तो वाढतो. महाराष्ट्रातल्या अनेक पॉलिटेक्निकांच्या प्रयोगशाळांत अ‍ॅपलॅब कंपनीचे बेंच सप्लाय असतात. त्यांच्या तोंडावर करंटचा वेगळा नॉब असतो. अर्धा अँपिअर लावला की अर्धाच मिळणार, मग व्होल्टेज कितीही खाली जावो. आउटपुटवर प्रवाह मोजून बांधल्याचा तो परिणाम. आपल्या डब्याकडून ती अपेक्षा ठेवणं रास्त नाही. आवर्तनाचा पन्नास टक्क्यांहून अधिक वेळ स्विच चालू राहिला तर या पद्धतीत एक लांब, एक आखूड असे ठोके पडू लागतात, हा आणखी एक प्रसिद्ध दोष. पण ३२५ व्होल्टवर आपला डबा त्या हद्दीच्या बराच खाली चालतो.

तिसऱ्या दोषाचं उत्तर आयसीत दुसरीकडे सापडतं, आणि ते शोधून काढण्यात खरा आनंद आहे. ते सात नंबरच्या पिनेवर आहे, म्हणजे आयसीच्या स्वतःच्या पोटापाण्याच्या पिनेवर. ३८४२ ला चालू व्हायला १६ व्होल्ट लागतात. एकदा चालू झाली की १० व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय ती थांबत नाही. सुरुवातीचा शिधा मेन्सच्या डीसीकडून एका मोठ्या रेझिस्टरमधून थेंबथेंब येतो आणि एका लहान कपॅसिटरमध्ये साठतो. सप्लाय चालू झाला की ट्रान्सफॉर्मरवरचं एक छोटं जादा वाइंडिंग तिला खाऊ घालतं. हे वाइंडिंग आउटपुटच्या वाइंडिंगशी बांधलेलं आहे. आउटपुट शॉर्ट झालं, तिकडचा व्होल्टेज कोसळला, की इकडचाही कोसळतो. आयसी दुसऱ्याला वीज देऊ शकत नाही तेव्हा तिला स्वतःलाही मिळत नाही. दहा व्होल्टच्या खाली गेली की ती झोपते.

पुन्हा आकडे मांडू. कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा, आयसीचा चालू खर्च सुमारे १५ मिलिअँपिअर. सोळावरून दहावर यायला १९ मिलिसेकंद लागतात. थेंबथेंब शिधा देणारा रेझिस्टर १०० किलोओहमचा असेल तर तीनएक मिलिअँपिअर येतात. झोपेतला खर्च वजा जाता पुन्हा सोळाला पोचायला शंभराच्या थोडे वर मिलिसेकंद. म्हणजे वीसेक मिलिसेकंद प्रयत्न, शंभर-सव्वाशे मिलिसेकंद विश्रांती, पुन्हा प्रयत्न. सेकंदाला सात-आठ वेळा. शॉर्ट कायम असला तरी डायोड, मॉस्फेट आणि ट्रान्सफॉर्मर यांना सातातला एकच भाग वेळ भार सोसावा लागतो, आणि तेवढ्या उष्णतेत ते तग धरतात. पायरी पायरीने चढलेला प्रवाहही प्रत्येक झोपेत पूर्ण उतरतो.

हे सगळं कानाला ऐकू येतं. प्रत्येक प्रयत्नाला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला आणि वेढ्यांना एक बारीक धक्का बसतो आणि डब्यातून टिक्, टिक्, टिक् असा आवाज येतो. ‘‘सप्लाय टिकटिक करतोय,’’ हे दुरुस्तीवाल्याचं निदान त्या आवाजावरून असतं. नवख्याला तो बिघाडाचा आवाज वाटतो. जाणकाराला त्यात आयसी जिवंत आहे, मॉस्फेट शाबूत आहे, आणि तीन नंबरची पिन काम करते आहे, एवढं सगळं ऐकू येतं.

मीरा-भाईंदरच्या हवेत या टिकटिकीला वेगळं महत्त्व आहे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. खाऱ्या हवेने गच्चीवरच्या कॅमेऱ्याचे कनेक्टर हिरवे पडतात. जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीत जॉइंटमध्ये पाणी शिरतं आणि बारा व्होल्टची लाइन जमिनीला टेकते. संरक्षण दोन प्रकारचं असू शकतं. एक, दोष दिसला की कायमचं बंद होणारं. मेन्सचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते उठत नाही. दुसरं हे, थांबून थांबून विचारणारं. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी ऊन आलं, की जॉइंट सुकतो, पुढचा प्रयत्न यशस्वी होतो, आणि कुणी हात न लावता कॅमेरे परत येतात. जिथे दोष आपोआप जाण्याची शक्यता आहे तिथे हा दुसरा स्वभाव श्रेष्ठ. जिथे माणसाने येऊन बघितल्याशिवाय पुन्हा वीज सोडणं धोक्याचं, तिथे पहिला.

सात नंबरच्या पिनेच्या या उत्तरातही एक फट आहे, ती सांगायला हवी. ट्रान्सफॉर्मर नीट गुंडाळलेला नसेल तर प्रायमरीतली थोडी ऊर्जा सेकंडरीला न जाता त्या जादा वाइंडिंगवर काट्यांच्या रूपाने चढते. मग आउटपुट शॉर्ट असूनही सात नंबरच्या पिनेला दहाच्या वर पोसलं जातं, आयसी झोपत नाही, आणि टिकटिक न होता सप्लाय गुपचूप तापत राहतो. वाइंडिंगच्या डायोडला सिरीजमध्ये लहानसा रेझिस्टर घातला तर हे काटे बोथट होतात. एका पैशाचा भाग, पण त्यावरून डिझायनर पारखता येतो.

तुलनेला आणखी एक आयसी घेऊ. जुन्या संगणकांच्या सप्लायमध्ये टीएल ४९४ असायची. तिच्यात दोन एरर अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि त्यातला एक प्रवाहावर राखणीला बसवण्याची पद्धत आहे. तो सरासरी बघतो आणि काही आवर्तनं गेल्यावर बोलतो. चांगल्या हातात तीही उत्तम चालते. पण तिथे प्रत्येक ठोक्याची जबाबदारी त्या ठोक्यावर नसते. दोघी शेजारी ठेवल्या की अडतीस बेचाळीसची थोरवी कळते.

आता या रचनेवर होणाऱ्या अत्याचाराबद्दल. मॉस्फेट शॉर्ट झाला की बहुधा त्याच्या पायाशी प्रवाह मोजणारा तो सेन्स रेझिस्टरही जळतो आणि आयसीही जाते. दुरुस्तीवाला घाईत असतो, हवा तो रेझिस्टर ड्रॉवरमध्ये नसतो, मग ०.४७ ओहमच्या जागी ०.२२ चा बसतो. सप्लाय चालू होतो, १२ व्होल्ट येतात, गिऱ्हाईक खूश. पण मर्यादा दुपटीहून वर गेली, आणि ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे एका ठोक्याला परवानगी असलेली ऊर्जा साडेचार पट झाली. ट्रान्सफॉर्मर त्याच्या किती तरी आधी भरून जाईल. कुणी तर तारेचा तुकडाच टाकतो. त्या डब्यात आता आठ पायांची आयसी आहे, तिच्यात कम्परेटर आहे, लॅच आहे, एक व्होल्टची रेषा आहे, आणि यातलं काहीही उपयोगाचं नाही. पुढच्या शॉर्टला, किंवा त्याआधीच, तो फुटेल, आणि लोक म्हणतील, ‘‘दुरुस्त केलेला माल टिकत नाही.’’

माझा निवाडा असा: अतिप्रवाहापासूनचं चांगलं संरक्षण कामापासून वेगळं काढता येत नाही. ते प्रत्येक ठोक्यात असावं, एका आवर्तनापुरतं लक्षात ठेवणारं असावं, आणि दोष टिकला तर विश्रांती घेऊन पुन्हा विचारणारं असावं. ३८४२ यात पूर्ण गुण मिळवत नाही. तिच्या उशिराची आणि शॉर्टमधल्या चढत्या प्रवाहाची किंमत बाहेरच्या चार-दोन रेझिस्टरांनी चुकवावी लागते. नव्या आयसींनी ते काम आत घेतलं आहे. पण एवढ्या मोजक्या सामग्रीत ही कल्पना इतकी उघडपणे वाचता येईल असा दुसरा मजकूर माझ्या पाहण्यात नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनी तिची डेटाशीट एकदा तरी पेन्सिल हातात घेऊन वाचावी.

बाकीच्यांसाठी दोन साध्या गोष्टी. अ‍ॅडॅप्टर घेताना मागे बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशाच्या यादीत पुढे आयटी उपकरणांचे अ‍ॅडॅप्टरही आले, आणि त्यांना लागू झालेल्या आयएस १३२५२ या मानकात सदोष अवस्थेतही उपकरण धोकादायक होऊ नये ही अट आहे. आणि डबा टिकटिक करू लागला तर तो उघडू नका. आत ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. प्लग काढून फक्त बारा व्होल्टच्या बाजूच्या वायरी सोडवा आणि प्लग पुन्हा लावून बघा. टिकटिक थांबली, तर डबा बहुधा चांगला आहे. दोष वायरीत किंवा कॅमेऱ्यात शोधा, आणि नव्या डब्याचे पैसे वाचवा.